रथाची जुंपणी आणि मनाचा लगाम

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या या ग्रंथसंग्रहाला दुसरे सरफोजी महाराज भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी फार समृद्ध केले. तेथे वेदान्ताच्या पोथ्यांच्या सोबतीने अश्वविद्येच्या पोथ्याही नांदतात. नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वशास्त्र’ ग्रंथालयाने १९५२ साली चित्रांसह प्रसिद्ध केले. विराटाच्या घरी ग्रंथिक हे नाव घेऊन घोडे सांभाळणारा पांडव तो हाच, अशी परंपरा आहे. मोक्षाच्या पोथीशेजारी घोड्याची पोथी असण्यात विसंगत काहीच नाही. गीता सांगितली गेली ती रथात, आणि सांगणारा होता सारथी.

त्या रथाला घोडे कसे जुंपीत, हे कळल्यावाचून कठोपनिषदातील रथाचे रूपक पुरतेपणी उलगडत नाही. रथाची लांब दांडी ती ईषा. तिच्या टोकाशी आडवे बांधलेले ते युग, म्हणजे आपले जू. मान जुवाशी बांधणारा पट्टा तो योक्त्र आणि जुवाची खुंटी ती शम्या. बैलाच्या जुवाला शेतकरी जी शिवळ घालतो, ती या शम्येचीच लेक होय. चार घोड्यांच्या रथात मधले दोन धुरेचे, बाहेरचे दोन बाजूचे. श्रीकृष्णांच्या रथाच्या धुरेला उजवीकडे शैब्य व डावीकडे सुग्रीव, आणि बाजूंना मेघपुष्प व बलाहक होते, असे सौप्तिकपर्व सांगते.

हे सारे ओढण्याचे साहित्य झाले. लगामाचे काम निराळे. घोड्याच्या तोंडातील लोखंडी कडीपासून, म्हणजे खलीनापासून, तो सारथ्याच्या मुठीत येतो. त्याच्यावर रथाचा भार मुळीच नसतो. तो केवळ दिशा देतो.

आता रूपक पाहावे. शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, बुद्धी सारथी आणि मन हा लगाम. मनाला जू म्हटलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. प्रपंचातील पुष्कळ सज्जन मनालाच भार ओढावयास लावतात. मुलीचे लग्न, घराचे कर्ज, उद्याची चिंता, सारे मनावर. हातापायांनी करावयाचे काम मात्र पडून राहते. अशाने ओझे हलत नाही आणि दिशाही हातची जाते. उलट काही साधक लगाम सतत खेचून धरतात. तसे केले की घोड्याचे तोंड बधिर होते व पुढे तो ओढीला जुमानत नाही, हे कोणताही जाणता टांगेवाला सांगेल. मन वाऱ्यासारखे अनावर आहे, या अर्जुनाच्या तक्रारीला भगवंतांनी जे उत्तर दिले त्यात बळजोरी नाही; अभ्यास आणि वैराग्य आहे. आहार, विहार, निद्रा यांविषयी सहाव्या अध्यायात जो ‘युक्त’ शब्द येतो, तोही जुंपण्याच्या ‘युज्’ धातूचाच. योग हा शब्दही त्याच घरचा.

जुंपणीत सोडणेही येते. जयद्रथवधाच्या दिवशी, भर रणात, घोडे थकलेले व बाणांनी विद्ध झालेले पाहून भगवंतांनी ते सोडले. अर्जुनाने बाणाने भूमी भेदून पाणी काढले व शरांचे घर उभारले. त्या आडोशाला भगवंतांनी स्वहस्ते घोड्यांच्या अंगातील शल्ये काढली, अंग चोळले, पाणी पाजले, चारा दिला. आणि सूर्यास्ताची घाई असतानाही त्यांचा शीण गेल्यावरच रथ पुन्हा जोडला.