टक्केवारी घसरली तो सीझन

अमेरिकेतल्या एका कॉलेज बास्केटबॉलपटूचे लागोपाठ दोन सीझनचे आकडे बघा. पहिल्या सीझनमध्ये त्याचे ४८ टक्के शॉट बास्केटमध्ये पडले. तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेले जवळजवळ ४४ टक्के. पुढच्या सीझनमध्ये हेच आकडे ४५ आणि ३९च्या आसपास आले. हातातला चेंडू समोरच्या संघाला देऊन बसणं, म्हणजे टर्नओव्हर, सामन्यामागे अडीचच्या जरा वर होतं ते पावणेचारच्या घरात गेलं. आदल्या वर्षी संघ कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत होता, यंदा त्या स्पर्धेसाठी निवडसुद्धा झाली नाही.

आपल्याकडे अशी मार्कशीट घरात आली की आधी मोबाईल जप्त होतो, मग क्लास बदलला जातो आणि मामा-काकांची समिती बसते. इथे मात्र त्या दुसऱ्या सीझननंतर तो मुलगा एनबीए या व्यावसायिक लीगच्या २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचं नाव स्टीफन करी.

करीचं नाव घेतलं की मुलांचे डोळे चमकतात आणि पालक धास्तावतात, कारण पुढचं वाक्य 'मलाही तेच करायचंय' हे असणार. म्हणून आधीच सांगतो, हा लेख करी कसं व्हावं याबद्दल नाही. कॉलेजात खेळणाऱ्या एखाद्या गार्डचा 'पुढचा सीझन कसा जाईल' हा प्रश्न विचारायचा तरी कसा, याबद्दल आहे. पालक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न याहून फार मोठा असतो: 'याचं यात भविष्य आहे का?' सतरा वर्षांच्या मुलाबद्दल याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि जो छातीठोकपणे देतो तो बहुधा अकॅडमीची फी सांगायला निघालेला असतो. एका सीझनबद्दल मात्र बरंच काही बोलता येतं.

करी उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये वाढला. वडील डेल करी एनबीएत खेळलेले, तेही व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातून. मुलाला तिथेच जायचं होतं. पण पोरगं काटकुळं, उंची सहा फुटांच्या आसपास. विद्यापीठाने स्कॉलरशिप न देता संघात ये म्हणून सांगितलं. म्हणजे वडिलांचं नाव, ओळख, घरातलं कोचिंग सगळं असून दार उघडलं नाही. जवळच्या डेव्हिडसन या सतराशेएक विद्यार्थ्यांच्या छोट्या कॉलेजने त्याला घेतलं. प्रशिक्षक बॉब मॅकिलप. पहिल्याच सामन्यात, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, करीने १३ टर्नओव्हर केले. तेरा! आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यात कुणी सहा केले तरी प्रशिक्षक त्याला बाकावर बसवून बाटल्या भरायला लावतो. मॅकिलपने त्याला खेळवत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मिशिगनविरुद्ध करीने ३२ गुण काढले.

दुसऱ्या वर्षी, मार्च २००८ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत डेव्हिडसनने गोन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवलं आणि पुढे विजेत्या ठरलेल्या कॅन्ससकडून अवघ्या दोन गुणांनी हार खाल्ली. वीस वर्षांचा करी देशभर माहीत झाला. तेव्हा तो कॉलेज सोडून ड्राफ्टला जाऊ शकला असता. गेला नाही.

गार्ड म्हणजे मागून चेंडू वर आणणारे आणि बाहेरून खेळणारे खेळाडू. त्यातला पॉइंट गार्ड खेळ चालवतो: कुणाला पास द्यायचा, कधी वेग घ्यायचा, कधी थांबायचं. शूटिंग गार्डचं काम मुख्यतः मोकळं होऊन शॉट मारण्याचं. पहिली दोन वर्षं डेव्हिडसनचा खेळ जेसन रिचर्ड्स चालवायचा, आणि २००७-०८ मध्ये असिस्टच्या, म्हणजे ज्यावर सहकारी गुण करतो त्या पासच्या, सरासरीत तो देशात पहिला होता. करीने सहकाऱ्यांच्या आडून धावत यायचं, पास घ्यायचा आणि मारायचं. पण त्या उंचीच्या मुलाला एनबीएत नुसता शूटिंग गार्ड म्हणून कोण उभं करणार? रिचर्ड्सचं शिक्षण संपलं, जागा रिकामी झाली. तिसरं वर्ष करीने या एका कामासाठी घेतलं: चेंडू हातात घेऊन खेळ चालवणं.

आता ते घसरलेले आकडे पुन्हा वाचा. रिचर्ड्स गेल्यावर तयार पास मिळणं कमी झालं, प्रत्येक संघाचा सगळा बचाव एकट्या करीवर आला, आणि ज्याच्या हातात चेंडू जास्त वेळ त्याच्याकडून तो जास्त वेळा सुटणारच. टक्केवारी उतरली ती यामुळे. दुसऱ्या बाजूला असिस्ट सामन्यामागे २.९ वरून ५.६ वर गेले, आणि २८.६ गुणांच्या सरासरीने तो देशात पहिला आला. ज्यांना त्याला निवडायचं होतं ते नेमकं हेच बघत होते: हा खेळ चालवू शकतो का.

त्या सीझनमधला एक सामना मी पालकांना आवर्जून सांगतो. २५ नोव्हेंबर २००८, समोर मेरीलँडचं लॉयोला. त्यांच्या प्रशिक्षकाने ठरवलं की काहीही होवो, करीच्या अंगावर सतत दोघं. चेंडू कुठेही असो, हे दोघं त्याला चिकटलेले. करीच्या लक्षात आलं की दोघं आपल्याकडे आहेत, म्हणजे उरलेल्या कोर्टवर आपले चार आणि त्यांचे तीनच. तो सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. गुण करण्यात देशात पहिला येणारा हा मुलगा सामनाभर कोपऱ्यात उभा, सोबत दोन पहारेकरी, आणि पलीकडे सहकारी मोकळे शॉट मारतायत. करीने एकूण तीन शॉट मारले, गुण शून्य. डेव्हिडसन तीस गुणांनी जिंकलं.

स्कोअरशीटवर त्या दिवशी त्याच्या नावापुढे भोपळा आहे. मुलगा असा भोपळा घेऊन घरी आला तर विचारायचा प्रश्न 'किती केलेस?' हा नसून 'तू कुठे उभा होतास?' हा आहे. हे विचारायला पालकाला खेळातलं थोडं कळावं लागतं, आणि त्यासाठी महिन्यातून दोन सामने बघायला जावं लागतं. ज्या बाबांना मुलाची कॉलेजातली हजेरी टक्क्यांत पाठ असते, त्यांना तो कुठल्या जागी खेळतो हे बरेचदा सांगता येत नाही.

पुढचा सीझन ठरवताना मी मुलांना एकच गोष्ट कागदावर लिहायला सांगतो: आज जमत नाही असं कुठलं काम तू या वर्षात शिकणार? 'गेम सुधारणार' हे उत्तर चालत नाही. 'डाव्या हाताने ड्रिबल करत दबावाखाली चेंडू अर्ध्या कोर्टपलीकडे नेणार' हे चालतं. 'पास देऊन नुसतं उभं न राहता मोकळ्या जागेत पळणार' हेही चालतं. मग प्रशिक्षकाला भेटून विचारायचं की यंदा संघात ते काम करायची जागा आहे का. करीला ती मिळाली कारण रिचर्ड्स गेला होता. तुमच्या मुलाच्या पुढे त्याच जागेवर दोन सीनियर असतील, तर त्याचे मोठे सामने बाकावर जातील. लहान स्पर्धा शोधून तिथे ते काम करू द्या. आणि काम नवं असेल तर पहिले तीन महिने आकडे पडणार, हे घरात आधीच बोलून ठेवा. बारावीला विषय बदलणाऱ्या मुलाच्या पहिल्या चाचणीत जे होतं तेच इथे होतं.

आता थंड पाणी. अमेरिकेत हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणारे मुलगे पाच लाखांहून अधिक आहेत. त्यातला शंभरातला एखादा कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे एनसीएएच्या डिव्हिजन वन स्तरावर पोचतो. ड्राफ्टमध्ये दरवर्षी साठाच्या आसपास जागा, त्याही जगभरच्या खेळाडूंत वाटलेल्या. भारतातून २०१० मध्ये आठ मुलामुलींना फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत शिकायला पाठवलं गेलं. त्यातला सतनाम सिंग २०१५ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, ५२ व्या क्रमांकावर. सात फूट दोन इंच उंची, देशभर बातम्या. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

त्याच आठांत एक गार्ड होती, छत्तीसगडची कविता अकुला. तिच्यावर मथळे झाले नाहीत. ती आधी कॅन्ससमधल्या गार्डन सिटी कम्युनिटी कॉलेजात खेळली आणि तिथून अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या डिव्हिजन वन संघात स्कॉलरशिपवर गेली. आपल्या घरांसाठी मला सतनामपेक्षा कविताची वाट जास्त उपयोगाची वाटते. दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, तिथे खेळ आणि मार्क दोन्ही दाखवायचे, मग पुढचं पाऊल. नातेवाइकांना सांगताना त्यात झगमगाट नसतो, एवढीच काय ती अडचण.

परदेशी स्कॉलरशिपचा विचार असेल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीचे मार्क मोजले जातात, फक्त बारावीचे नाहीत. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे ठरलेले १६ मुख्य अभ्यासक्रम पूर्ण झालेले लागतात. म्हणजे 'नववीत खेळू दे, दहावीला बघू' हे गणित इथे चुकतं. डिव्हिजन थ्री या खालच्या स्तरावर आणि आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटात खेळासाठी स्कॉलरशिप नसते. तिथे मिळते ती आर्थिक गरजेवर, आणि डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉलेजांत अभ्यासावरही. २०२१ पासून अमेरिकी कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं. ते आकडे ऐकून डोळे फिरतात, पण आपली मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात आणि त्या व्हिसावर कामाची कमाई करण्यावर कडक बंधनं आहेत. सहकाऱ्याला मोटार मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल हे डोक्यातून काढा. एजंट 'गॅरंटीड स्कॉलरशिप' म्हणाला तर त्याच्याकडे कॉलेजच्या प्रशिक्षकाचं लेखी पत्र मागा. पुढचं संभाषण आपोआप आटोपतं.

बहुतेक मुलांचा सीझन मात्र इथेच जाणार आहे: नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर, पुण्या-नागपुरात, विद्यापीठाच्या संघात. इथे खेळाचं मोल कागदपत्रांवर ठरतं आणि तिथे आपली घरं फार गाफील असतात. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठल्या स्पर्धेचं, कुठल्या स्तरावरचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. हॉटेलात राहून, हजारो रुपये भरून खेळलेल्या 'नॅशनल'ची चकचकीत ट्रॉफी या पडताळणीत अनेकदा शोभेची ठरते. स्पर्धेला नाव देण्याआधी विचारा: ही मान्यताप्राप्त संघटनेची आहे का? रेल्वे आणि ओएनजीसीसारख्या संस्था चांगल्या खेळाडूंना नोकरी देतात. देशातले कितीतरी उत्तम बास्केटबॉलपटू पगार तिथूनच घेतात.

खेळ थांबल्यावरच्या वाटाही आत्ताच बघून ठेवलेल्या बऱ्या. फिजिओथेरपी आहे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा आहे, पंचगिरी, सामन्यांचं व्हिडिओ विश्लेषण आहे. गार्ड म्हणून खेळलेल्या मुलांना कोचिंग आणि विश्लेषण बहुधा लवकर जमतं, कारण पाचही जणांचं कुठे काय चाललंय हे बघायची सवय त्यांना आधीच लागलेली असते.

आणि पदवी. करी तिसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडून गेला आणि अभ्यास अर्धा राहिला. डेव्हिडसनचा रिवाज असा की पदवी घेतल्याशिवाय कुणाचीही जर्सी मानाने निवृत्त करायची नाही, मग तो एनबीएचा विजेता का असेना. शेवटी मे २०२२ मध्ये, चौथं अजिंक्यपद त्याच्या संघाने जिंकायच्या महिनाभर आधी, त्याने समाजशास्त्राची पदवी पूर्ण केली. ३१ ऑगस्टला कॉलेजने पदवीदान समारंभ केला आणि त्याच दिवशी जर्सीही वर चढवली.