डॅशबोर्डचा तडा मागून सांधा

भोपाळच्या बाग सेवनियात आमची जुनी मारुती वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असते. कर्कवृत्त शहराच्या जरा उत्तरेकडून जातं, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि ऊन पुढच्या काचेतून थेट डॅशबोर्डवर पडतं. आमच्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांचे तडे सांधताना जे उमगलं, ते इथे सांगतो.

१. आधी कारण ओळखा. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापतो आणि रात्री निवतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने आणि अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मऊ पीव्हीसीला लवचीक ठेवणारं द्रव्य हळूहळू उडून जातं. काचेला आतून धरणारा तेलकट धुरकटपणा बराचसा त्याचाच. मग खड्ड्यांचे दणके बसले की एसीच्या जाळीच्या कोपऱ्यात किंवा स्क्रूच्या भोकापाशी चीर पडते.

२. एअरबॅगच्या झाकणाला हात लावू नका. अपघातात ते निमिषार्धात फाटून उघडायला हवं. त्यावर लांबी, चिकटपट्टी, रेक्झिन काहीही नको. तडा तिथेच असेल तर काम जाणत्या मिस्त्रीकडे सोपवा आणि झाकण बदलून घ्या.

३. मागची अक्षरं वाचा. डॅशबोर्डचा भाग उतरवून उलटा केला की बहुधा प्लॅस्टिकचं नाव उठावदार अक्षरांत दिसतं. ‘एबीएस’ असेल तर घासलेल्या पृष्ठभागावर एपॉक्सी चांगली पकड घेते. ‘पीपी’ असेल तर नेहमीचे गोंद टिकत नाहीत. तिथे वितळवूनच सांधा द्यावा.

४. तड्याचं टोक थांबवा. चीर डोळ्यांना दिसते त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. पृष्ठभाग पुसून टॉर्चचा उजेड तिरपा टाकला की खरं टोक सापडतं. तिथे २–३ मिलिमीटरचं भोक पाडा. अणकुचीदार टोकावर एकवटणारा ताण गोल कडेवर वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही.

५. बळ मागून द्या. सगळ्या कामाचा जीव इथे आहे. वरून भरलेली लांबी फक्त रेघ झाकते. भार पेलतो तो मागचा आधार. तड्यावर पितळी जाळीची पट्टी ठेवून सोल्डरिंगच्या टोकाने हलके दाबा. प्लॅस्टिक जाळीच्या घरांतून वर येतं आणि पट्टी आत बसते. पूर्ण थंड होईपर्यंत दाब सोडू नका, नाहीतर भाग वाकडा होतो. धूर घातक असतो, म्हणून हे काम अंगणातच करा.

६. वरचं काम सबुरीने. सिलिकॉनवालं पॉलिश लावलेलं असेल तर लांबी आणि रंग दोन्ही धरत नाहीत. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. प्लॅस्टिकसाठीची लवचीक लांबी भरा, मग १८०, ३२० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर, प्राइमर आणि शेवटी मॅट रंग. चकचकीत रंग नकोच, त्याचं प्रतिबिंब काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही. मूळचे दाणे हाताने परत आणता येत नाहीत. ते खटकत असेल तर सीट कव्हरवाल्याकडून पूर्ण भागावर रेक्झिन चढवा.

७. कुठे थांबायचं ते ठरवा. डॅशबोर्ड बॉडीला धरून ठेवणारे कानच तुटले असतील, तर सांधत बसू नका. जुन्या भोपाळातल्या कबाडखान्यात त्याच मॉडेलचा धडका भाग शोधा.

८. सावली ही दुरुस्तीच आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा तो मार्ग सोडा. गाडी उभी केली की पुढच्या काचेला आतून चकाकता पडदा लावा; तो नसेल तर डॅशबोर्डवर जाड सुती चादर पसरा. ही सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लावा, कारण ऊन तेच राहिलं तर सांधलेल्या तड्याशेजारी नवा तडा जातोच.