आधी वही, मग कॅमेरा

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

कराटेचा वर्ग सोडून सिनेमाच्या मागे लागायचं, लिहिण्यात वेळ घालवायचा नाही, असं तू मनाशी पक्कं केलं आहेस आणि दाखला ब्रूस लीचा देतेस. माझ्या मते तोच दाखला तुझ्या विरुद्ध जातो. ली दिग्दर्शक झाला, कारण तो आधीपासून लिहीत होता. १९६३ साली हॉलिवूडला त्याचा पत्ताही नव्हता, तेव्हा सिअ‍ॅटलमध्ये शिकत-शिकवत असताना त्याने कुंग फूवर एक छोटं पुस्तक काढलं. १९७० मध्ये व्यायाम करताना पाठीला जबर इजा होऊन तो काही महिने अंथरुणाला खिळला, तर त्याने वह्या भरल्या. लाथ कुठून निघते, समोरच्याची लय कशी मोडायची, पवित्रा कधी सोडून द्यायचा, मुष्टियोद्ध्याकडून काय घ्यायचं आणि तलवारबाजाकडून काय. त्या टिपणांचं पुस्तक तो गेल्यावर, १९७५ मध्ये निघालं.

आता १९७२ चा ‘वे ऑफ द ड्रॅगन’ पुन्हा बघ. लेखन, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका, तिन्ही त्याची. कोलोसियममधल्या झुंजीत आधी तो ठरीव पद्धतीने लढतो आणि चक नॉरिसचा मार खाऊन खाली पडतो. मग टाचा उचलल्या जातात, पाय नाचू लागतात, लय सारखी बदलते. नॉरिसला आपली चाल बदलता येत नाही. शेवटी मेलेल्या प्रतिस्पर्ध्यावर ली त्याचाच कराटेचा अंगरखा आणि काळा पट्टा पांघरतो. नुसत्या चपळाईला असा प्रसंग सुचत नाही. वहीतला विचारच तिथे उभा राहून लढतो आहे.

तू म्हणशील, वडील कॅन्टनीज ऑपेराचे नट, हा लहानपणापासून हाँगकाँगच्या पडद्यावर, त्याला लेखणीची काय गरज? पण बालनट सांगितलेलं करतो. ‘द ग्रीन हॉर्नेट’ मालिकेत त्याने केलेला केटोही दुसऱ्याच्या कथेतला साथीदारच होता. तुझा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लिहिलेलं पडून राहतं. राहतं खरं. ‘द सायलेंट फ्लूट’ या ठरवलेल्या चित्रपटासाठी १९७१ मध्ये अभिनेता जेम्स कोबर्नबरोबर तो चित्रीकरणाच्या जागा पाहायला भारतात येऊन गेला, आणि तरी त्याच्या हयातीत तो चित्रपट झाला नाही. पण पुढच्याच वर्षी त्याने स्वतःची पटकथा स्वतः लिहिली. आधीची मेहनत तिथे कामी आली नसेल, हे मला पटत नाही.

तेव्हा वर्ग चालू ठेव. कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीत, तुझा तोल नेमका कोणत्या क्षणी जातो आणि का, हे मॅटवर कधी न उतरलेल्या माणसालाही दिसेल असं लिही. पुढच्या पत्राबरोबर ती पानं पाठव. शेरे मारून परत करीन.

तुझा,
काका