चक्रीय अर्थव्यवस्था : वस्तूंचे चक्र आणि माणसांचे जिणे

प्रस्तावना

घरातील साडी जुनी झाली, की तिची गोधडी शिवली जाई किंवा ती बोहारणीला देऊन त्या बदल्यात एखादे भांडे घेतले जाई. गोधडी विरली, की तिचे पायपुसणे होई. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाला दारात बसून कल्हई करी. रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे भंगारवाला नेई. शेण आणि पालापाचोळा उकिरड्यात जाई व त्याचे खत पुन्हा शेतात पडे. आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिले असेल. काहींच्या घरी तर हाच व्यवसाय असेल.

वस्तू टाकून न देता ती फिरती ठेवण्याच्या या रीतीला आज ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे नाव मिळाले आहे. परंतु जुन्या रीतीचे कौतुक करताना एक प्रश्न विसरून चालणार नाही. ही कामे करणारी माणसे कोण होती आणि समाजाने त्यांना काय दिले? प्रस्तुत पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• सरळरेषी आणि चक्रीय अर्थव्यवस्था यांतील फरक सांगता येईल;
• वस्तूंचे चक्र फिरवणाऱ्या श्रमिकांचे योगदान स्पष्ट करता येईल;
• या बदलातील सामाजिक आव्हानांची चर्चा करता येईल;
• नागरिक म्हणून आपली जबाबदारी ओळखता येईल.

मूळ पाठ

१. सरळ रेषा आणि चक्र

निसर्गातून कच्चा माल काढायचा, त्याची वस्तू करायची, ती वापरायची आणि फेकून द्यायची, ही सरळरेषी अर्थव्यवस्था होय. या रेषेच्या एका टोकाला खाण असते आणि दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा डोंगर. खाण रिकामी होत जाते आणि डोंगर वाढत जातो. चक्रीय अर्थव्यवस्थेत ही दोन टोके जोडण्याचा प्रयत्न असतो. वस्तू टिकाऊ करणे, तिची दुरुस्ती करणे, ती दुसऱ्याच्या उपयोगी आणणे आणि हे सारे संपल्यावरच तिच्यापासून नवा माल तयार करणे, असा हा क्रम आहे. पुनर्चक्रण ही यातील शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

या विचारामागे व्यवहारही आहे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम तयार करण्यापेक्षा जुने वितळवून वापरल्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. मात्र प्रत्येक पदार्थ असा पुनःपुन्हा वापरता येत नाही. कागदाचे तंतू प्रत्येक प्रक्रियेत आखूड होत जातात. वेफर्सच्या वेष्टनांत प्लॅस्टिकचे व धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. म्हणून भंगाराच्या दुकानात त्यांना भाव नसतो. वस्तूचे भवितव्य पुष्कळदा ती कारखान्यात घडते तेव्हाच ठरलेले असते.

२. चक्र फिरवणारे हात

वस्तूंचे चक्र आपोआप फिरत नाही. हरियाणातील पानिपत येथे देशोदेशींचे जुने कपडे येतात. ते रंगांनुसार वेगळे केले जातात, त्यांची बटणे व चेन काढल्या जातात आणि मग त्यांपासून पुन्हा सूत काढून घोंगड्या व सतरंज्या विणल्या जातात. गुजरातच्या किनाऱ्यावर अलंग येथे १९८३ पासून आयुष्य संपलेली जहाजे तोडली जातात; त्यांचे पोलाद गिरण्यांत जाते आणि जहाजांवरील खुर्च्या, कपाटे, भांडी रस्त्यालगतच्या दुकानांत विकली जातात. मुंबईच्या धारावीत प्लॅस्टिक निवडले, धुतले, दळले जाते.

या साऱ्याच्या तळाशी उभा असतो तो कचरावेचक. त्याने रस्त्यावरून वेचलेली बाटली आधी लहान भंगार दुकानात, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कारखान्यात पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर तिची किंमत वाढते. परंतु सर्वांत कठीण काम करणाऱ्याच्या हाती त्यातील सर्वांत लहान वाटा येतो. जागतिक मंदीच्या काळात, २००८ साली, भंगाराचे भाव कोसळले, तेव्हा त्या दूरच्या घडामोडीची झळ या तळाच्या माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचली.

३. पुण्याचा अनुभव

पुणे शहरातील कचरावेचकांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडावे लागलेली अनेक कुटुंबे शहरात आली; शेतमजुरी सुटली, दुसरे काम मिळेना, तेव्हा कित्येक बायकांनी खांद्यावर पोते घेतले. त्या उकिरडे आणि कचराकुंड्या धुंडाळत, काच-पत्र्याने हात कापून घेत, चोरीचा आळ सोसत. त्यांच्या श्रमामुळे शहराचा कचरा कमी होत होता. पण त्याला कोणी ‘काम’ म्हणत नव्हते.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या या वस्त्यांत शिकवण्यासाठी गेल्या आणि अक्षरांबरोबर रोजगाराचा प्रश्नही त्यांच्यासमोर आला. घराघरांतून वेगळा केलेला कचरा थेट मिळाला, तर कुंडीत उतरावे लागणार नाही, हे प्रयोगातून दिसून आले. पण कचऱ्यात पैसा आहे हे ध्यानात येताच एका व्यावसायिकाने त्याच भागात वाहन लावून कचरा गोळा करण्याचा प्रस्ताव मांडला. बायकांनी त्याला विरोध केला. कचऱ्यावर आपला काही हक्क आहे, ही जाणीव येथून दृढ झाली. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली.

पुढे महानगरपालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे या श्रमिकांना मिळाली. ओळखपत्र म्हणजे केवळ पुठ्ठ्याचा तुकडा नव्हता. पोलिसाने हटकले, की दाखवण्यासाठी आता स्वतःचे नाव होते, छायाचित्र होते, व्यवसाय होता. नंतर कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी करार केला. सभासद घरोघरी कचरा गोळा करतात, त्याबद्दल नागरिकांकडून शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातील विकाऊ मालाचे पैसे स्वतःकडे ठेवतात. कुंडीपासून दारापर्यंतचे हे अंतर थोडे दिसते; पण ते तोडायला कित्येक वर्षे लागली.

४. सामाजिक आव्हाने

पहिले आव्हान उपजीविकेचे आहे. शहर ‘आधुनिक’ करताना कचऱ्याचे काम मोठ्या ठेकेदाराला व यंत्रांना दिले जाते. कचरा थेट गाडीत दाबला किंवा भट्टीत जाळला, की त्यातून माल वेचण्याची सोय उरत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे सांगितले होते. परंतु नियमात नाव येणे आणि रोजच्या कामात स्थान मिळणे यांत अंतर असते.

दुसरे आव्हान आरोग्याचे आहे. दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत जुने संगणक व दूरध्वनी संच हातांनी फोडले जातात. तांब्यासाठी तारा जाळल्या, की विषारी धूर पसरतो. तो धूर मजुराच्या फुफ्फुसात जातो, तसाच शेजारी खेळणाऱ्या मुलाच्याही. वस्तू चक्रात परत आली, पण माणूस आजारी पडला, तर त्या चक्राला न्याय्य म्हणता येईल काय?

तिसरे आव्हान प्रतिष्ठेचे आहे. आपल्या समाजात घाण साफ करण्याचे काम जातीशी जोडले गेले. त्यामुळे कामाची किळस माणसाच्या वाट्याला आली. नव्या योजनेत जुनीच माणसे जुन्याच पायरीवर राहिली, तर बदलले ते केवळ नाव. आईच्या हातातील पोते मुलीच्या खांद्यावर जाऊ नये, यासाठी शिक्षणाची आणि अन्य रोजगाराची वाट मोकळी असली पाहिजे.

चौथे आव्हान खर्चाचे आहे. भाव नसलेले वेष्टन उचलायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने? ज्याने वस्तू निर्माण केली त्यानेच तिच्या अखेरीची जबाबदारी घ्यावी, हे ‘विस्तारित उत्पादक दायित्वा’चे तत्त्व आहे. प्लॅस्टिक वेष्टनांसाठी त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे भारतात २०२२ मध्ये लागू झाली. हा पैसा कागदोपत्री प्रमाणपत्रांतच न अडकता प्रत्यक्ष वेचणाऱ्यापर्यंत पोहोचणे, ही खरी कसोटी आहे.

५. आपली जबाबदारी

‘मी एकट्याने काय होणार?’ असे आपण म्हणतो. पण ओला व सुका कचरा एकत्र टाकला, की खरकट्यात हात घालून तो कोणाला तरी निवडावा लागतो. फुटलेली काच कागदात गुंडाळली, की एक हात वाचतो. वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम पुण्यातील या श्रमिकांनी चालवली. न उघडताच आत काय आहे ते कळावे, एवढीच त्यांची मागणी होती. एवढेही आपण करत नसू, तर त्याचे कारण वेळेचा अभाव नसून दृष्टीचा अभाव आहे.

वस्तू वाया जाऊ नये, हा विचार चांगला आहे. त्याहून मोठा विचार असा, की वस्तू वाचवताना माणूस वाया जाऊ नये.

आपण काय शिकलो?

• चक्रीय अर्थव्यवस्थेत टिकाऊपणा, दुरुस्ती व पुनर्वापर यांना पुनर्चक्रणाच्या आधी स्थान आहे.
• हे चक्र असंघटित श्रमिकांच्या कष्टांवर चालते. त्यांना मोबदला व मान यांचा योग्य वाटा मिळत नाही.
• संघटनेमुळे पुण्यातील कचरावेचकांना ओळख व कामाचा हक्क मिळवता आला.
• उपजीविका, आरोग्य, प्रतिष्ठा आणि खर्चाची वाटणी ही या बदलाची सामाजिक आव्हाने आहेत.

शब्दार्थ

कल्हई – भांड्यांना आतून दिलेला कथिलाचा मुलामा
बोहारीण – जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी स्त्री
पुनर्चक्रण – टाकाऊ वस्तूपासून पुन्हा माल तयार करणे
दायित्व – जबाबदारी
झळ – आच, (येथे) त्रास

स्वाध्याय

१. ‘वस्तूचे भवितव्य ती कारखान्यात घडते तेव्हाच ठरलेले असते.’ पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ओळखपत्र मिळाल्याने कचरावेचक स्त्रियांच्या जीवनात कोणता फरक पडला?
३. ‘बदलले ते केवळ नाव’ या विधानातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
४. तुमच्या भागातील भंगारवाला, दुरुस्ती कारागीर किंवा कचरावेचक यांच्यापैकी एकाशी बोला. त्यांच्या कामाचा दिवस आणि त्यांच्या अडचणी यांविषयी दहा ओळी लिहा. तुम्ही स्वतः असे काम करत असाल, तर आपलाच अनुभव लिहा.