गुडघ्याचं सगळे विचारतात

मला सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे. रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ माझ्या रक्तात एक टक्क्याहूनही कमी. चाळिशी ओलांडलेल्या आमच्या पिढीचं बालपण बर्फ, क्रेप बँडेज आणि बुडालेली शाळा यांतच गेलं. फॅक्टर सहजी मिळायचा नाही. आता काही मुलांना ब्लीड होण्याआधीच नियमित फॅक्टर मिळतो, काहींना एमिसिझुमॅबचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. ती पोरं सायकली दामटताना बघून बरं वाटतं आणि थोडी असूयाही वाटते. ती बोलायची कुणापाशी?

घरी तर नाहीच. हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो. (सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, पण नातेवाइकांना एवढं ऐकायला वेळ कुठे!) आत्याने एकदा आईला जे ऐकवलं, ते मी दाराआडून ऐकलं. तेव्हापासून आईसमोर कण्हायचं नाही, हे अंगवळणी पडलं. पुढे बायकोसमोरही तेच. पाहुणे गुडघ्याची चौकशी करायचे. झोप लागते का, हे कुणी विचारत नसे.

झोप तर केव्हाच उडाली होती. मध्यरात्री घोटा ठणकू लागला की हे नवं ब्लीड, की झिजलेल्या सांध्याचं रोजचं दुखणं, याचा हिशोब करत पडायचं. फॅक्टर घ्यावा तर जपून ठेवलेला डोस संपणार, न घ्यावा तर सकाळी सांधा टम्म. हळूहळू दिवसाही कशात मन लागेना. शेवटी बायकोच मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

मी आजाराचं नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि नैराश्यावरची नेहमीची गोळी दिली. तिने मन खरोखर सावरू लागलं. पण दात घासताना रक्त येऊ लागलं, मांड्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले. रक्तविकारतज्ज्ञांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि उलगडा झाला. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गटातल्या औषधांमुळे प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन घटतं आणि त्यांची एकमेकींना चिकटण्याची ताकद कमी होते. इतरांना ते सहसा जाणवतही नाही. आपल्याकडे फॅक्टर मुळातच नाही. त्यात प्लेटलेट्सही ढिल्या पडल्या तर रक्त थांबवणार कोण? दोघे डॉक्टर फोनवर बोलले, गोळी बदलली, आणि उपचार चालू राहिले.

म्हणून मन बिघडलं तर डॉक्टरांकडे जाच, पण हिमोफिलियाची फाइल बरोबर न्या आणि दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. नुसतं आजाराचं नाव सांगून भागत नाही. रक्त दिसलं तर त्यांना लगेच कळवा, मात्र गोळी आपल्या मनाने तोडू नका. अचानक थांबवली तर चक्कर, बेचैनी येते आणि नैराश्य उलटू शकतं. शांत करायला म्हणून कुणी कमरेत इंजेक्शन द्यायला निघालं तर थांबवा, स्नायूत रक्त साचतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळायचं हे आपल्याला पाठ असतं. पण झोपेसाठी पेग घेणारे आपल्यातही आहेत. त्यांनी आधी यकृताची तपासणी करावी. जुन्या काळी चढवलेल्या रक्तघटकांतून हिपॅटायटिस सी झालेले आपल्या वयाचे अनेकजण आहेत.

ब्लीडची नोंदवही ठेवत असाल तर तिच्यात झोपेचाही रकाना आखा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून ठेवा. नोकरीत दरवेळी आजार पटवत बसण्याचा ताण तरी कमी होतो. आणि रात्री-बेरात्री अगदीच असह्य झालं, जगणंच नको वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फिरवा. तो २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या माणसाला हिमोफिलिया म्हणजे काय ते कदाचित पहिल्यापासून सांगावं लागेल. सांगा.