घटक ६ : मालिकाबद्ध कथेचा शेवट आणि पुनरारंभ

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास –
• कथानकातील ‘निर्वहण’ या संकल्पनेचे महत्त्व सांगता येईल.
• आवर्तन, वारसा आणि पुनरारंभ या तीन रचनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• मालिकाबद्ध कथेचा शेवट असमाधानकारक का ठरतो, याची कारणमीमांसा करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संस्कृत नाट्यशास्त्राने कथावस्तूचे पाच संधी मानले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणसंधीत फळाला येते. म्हणजे आरंभी जो प्रश्न उभा राहिला, त्याचा हिशोब शेवटी पूर्ण होतो. ॲरिस्टॉटलनेही कथानकाला आदि, मध्य आणि अंत असावा असे म्हटले, ते याच अर्थाने.

परंतु ज्या कथेला संपण्याची परवानगीच नाही, तिचे काय? साप्ताहिक चित्रकथा, रहस्यकथामाला, दूरचित्रवाणी मालिका या प्रकारांत नायक लोकप्रिय असेल तोवर कथा चालूच राहते. या घटकात आपण अशा कथांच्या शेवटाचा विचार करणार आहोत.

६.२ विषयविवेचन

६.२.१ न संपणारा नायक

१८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून कथामाला संपवली. वाचकांनी तो शेवट स्वीकारला नाही आणि १९०३ मध्ये होम्स परत आला. पुढे अमेरिकन महानायकांच्या चित्रकथांनी ही युक्ती नित्याची करून टाकली. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनचा १९९२ मध्ये गाजावाजा करून मृत्यू घडवला गेला. पुढच्याच वर्षी तो जिवंत झाला. त्याच्या प्रकाशनसंस्थेने १९८५-८६ मध्ये आपल्या सर्व नायकांचा गुंतलेला इतिहास एका महासंकटाच्या कथेतून पुसून नव्याने मांडला, आणि २०११ मध्ये ५२ मासिके पुन्हा ‘अंक पहिला’पासून सुरू केली.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच परका नाही. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात शाळकरीच राहिला. २०१७ च्या चित्रपटात मात्र तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला. नाव आणि ‘ट्टॉक्’ तेच, पण काळ आणि वय नवे.

६.२.२ तीन रचना : आवर्तन, वारसा, पुनरारंभ

पुन्हा पुन्हा सुरू होणाऱ्या सर्व कथा एकाच जातीच्या नसतात. त्यांतील भेद समजण्यासाठी आपण खारेपाटण येथे उभे राहून पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील हे जुने बंदर. येथून दक्षिणेला दशावताराचा मुलूख, तर उत्तरेला रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांचा.

(अ) आवर्तन : दशावताराच्या पूर्वरंगात विष्णू संकासुराचा वध करतो. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या जत्रेत तोच संकासुर मालवणीत थट्टा करीत पुन्हा रंगमंचावर येतो. प्रेक्षकांपैकी कोणालाही फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही. कारण प्रत्येक रात्रीच्या खेळाला स्वतःचा पूर्ण शेवट आहे. आख्यान पहाटेपर्यंत चालते, दहीकाला होतो आणि मग गाव घरी जातो. शेवट सर्वांना ठाऊक असतो. उत्सुकता असते ती आज नट तिथपर्यंत कसा पोहोचतो, आयत्या वेळी कोणता संवाद सुचतो याची.

(आ) वारसा : शके ९३० (इ. स. १००८) मधील खारेपाटण ताम्रपटात शिलाहार राजा रट्टराज याने आपली वंशावळ दिली आहे. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजे. येथे प्रत्येक राजाचा शेवट खरा आहे. टिकून राहते ते पद. इंद्रजाल कॉमिक्समधून (१९६४-१९९०) मराठी मुलांना परिचित झालेल्या वेताळाची रचना नेमकी अशीच आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला हा नायक एकविसावा वेताळ आहे. मुखवटा आणि कवटीची अंगठी बापाकडून मुलाकडे येते. जंगलातील लोक त्याला अमर समजतात; वाचकाला मात्र कवटीच्या गुहेतील थडगी ठाऊक असतात. म्हणून या कथेत मृत्यूचे वजन कायम राहते.

(इ) पुनरारंभ : यात मागचे पूर्ण केले जात नाही, ते रद्द केले जाते. मृत पात्र परतते, झालेले लग्न झालेच नव्हते असे ठरते. कथा निर्वहणसंधीपर्यंत न जाता विमर्शातूनच मागे वळून पुन्हा मुखसंधीवर येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : संकासुराचे परतणे आणि सुपरमॅनचे परतणे यांत आपल्या मते कोणता मूलभूत फरक आहे? चार ओळींत लिहा.

६.२.३ एक उदाहरण : ‘रात्रीस खेळ चाले’

सिंधुदुर्गातच घडणारी ही मालिका २०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर सुरू झाली. अण्णा नाईकांच्या मृत्यूने कथेचा आरंभ होतो आणि वाड्यात जमलेल्या कुटुंबाभोवती रहस्य दाटत जाते. २०१९ मधील दुसरे पर्व काळात मागे गेले व जिवंत अण्णा आणि शेवंता यांची कथा त्याने सांगितली. २०२१ मधील तिसऱ्या पर्वात हीच पात्रे भुते होऊन परतली.

दुसऱ्या पर्वाचा शेवट पहिल्याच पर्वाने निश्चित केला होता. तरी त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, कारण ‘काय होणार’ या प्रश्नाची जागा ‘कसे झाले’ या प्रश्नाने घेतली. एका अर्थाने ते दशावताराच्या आख्यानाजवळ गेले. तिसऱ्या पर्वासमोरील अडचण वेगळी होती. ज्या पात्रांचा अंत प्रेक्षकाने पाहिला, ती पुन्हा आली की आधीच्या अंताचे मोल काय, हा प्रश्न उभा राहतो. भुताच्या कथेत परतण्याला संकेताचा आधार असतो. तरीही प्रत्येक परतीबरोबर भय थोडे पातळ होतेच.

६.२.४ असमाधानाची कारणे

१) मालकी : महानायकाचे पात्र बहुधा संस्थेच्या मालकीचे असते. लेखक बदलतात. एकाने पेरलेल्या बीजाचे फळ दुसऱ्याला काढावे लागते, किंवा तो ते उपटून टाकतो.

२) बाजार : जुन्या कथेत मध्येच शिरणे नव्या वाचकाला जड जाते. ‘अंक पहिला’ त्याला दार उघडून देतो आणि विक्रीही वाढवतो. मात्र हे दार उघडताना जुन्या वाचकाची स्मृती बाहेर ठेवली जाते.

३) शेवटाची भीती : पात्र पुढे वापरायचे असल्याने त्याच्यात कायमचा बदल करता येत नाही. मग शेवटही तात्पुरता, पुढील अंकाची जाहिरात असल्यासारखा होतो.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. पुनरारंभ सदैव वाईटच का मानावा? रामकथा प्रत्येक भाषेने नव्याने सांगितलीच ना? आक्षेप रास्त आहे. परंतु एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ वाल्मीकींचे रामायण रद्द करीत नाही. दोन्ही शेजारी उभी राहतात. पुनर्कथन पूर्वकथेला साक्षी ठेवते, तर पुनरारंभ पूर्वकथा घडलीच नाही असे म्हणतो. वाचकाने वर्षानुवर्षे अंक जमवले, पात्राच्या दुःखात आपले काही गुंतवले. ते सारे निरर्थक होते असे त्याला सांगितले जाते. त्याची नाराजी केवळ कथेच्या कच्चेपणाबद्दल नसते. दिलेला शब्द मोडल्याची ती भावना असते.

६.३ सारांश

मालिकाबद्ध कथा दीर्घकाळ चालणे हा दोष नव्हे. आवर्तनात प्रत्येक खेळ पूर्ण होतो. वारशात व्यक्ती संपते व पद उरते. पुनरारंभात मात्र निर्वहण टाळले जाते आणि घटनांचे परिणाम पुसले जातात. परिणाम पुसले गेले की मृत्यू, त्याग, निवड या गोष्टींना कथेत अर्थ उरत नाही. म्हणून कथा किती लांबली यापेक्षा तिने मागच्या घटनांची जबाबदारी घेतली का, हा समीक्षकाचा प्रश्न असावा.

६.४ स्वाध्याय

१) पाच संधींच्या आधारे आपण पाहिलेल्या एखाद्या मराठी मालिकेच्या शेवटाचे परीक्षण करा.
२) ‘पुनर्कथन’ आणि ‘पुनरारंभ’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
३) टीप लिहा : वेताळ आणि वारशाची रचना.

उपक्रम : आपल्या परिसरातील जत्रेत दशावताराचा किंवा नमनाचा खेळ पहा. शेजारी बसलेल्या एखाद्या वयस्कर प्रेक्षकाला विचारा, की शेवट ठाऊक असताना ते दरवर्षी का येतात. त्यांचे उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा व या घटकातील विवेचनाशी ताडून पहा.