विदेशी फंड: परताव्याआधी मर्यादा पाहा

यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीचा पैसा आला की बाजार हलतो. ज्याला शेत नाही त्याचं दुकान किंवा दवाखानाही त्याच चुकाऱ्यावर चालतो. भाव मात्र इथे ठरत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं, तेव्हा बोंडं फुटायचीच होती आणि शेतकऱ्याला भावाची चिंता आधीच लागली. एवढं असूनही शिल्लक पैसा पुन्हा शेतीत, नाहीतर ले-आउटच्या प्लॉटमध्ये जातो. सोनं सोडलं तर कमाई आणि बचत दोन्ही एकाच तालुक्याच्या नशिबाला बांधलेली. म्हणून बचतीचा दहावा हिस्सा परदेशी बाजारात असावा, या मताचा मी आहे. पण 2022 पासून विदेशी फंडांत जे घडलं ते पाहता, परतावा किती मिळेल याच्या आधी, आत शिरता येतंय का आणि कोणत्या भावाने, हे विचारायला हवं.

एरवी मार्ग सोपा आहे. परदेशात खातं न उघडता, रुपयांतच एसआयपी करता येते. फंड तो पैसा तिथल्या शेअरमध्ये, निर्देशांकात किंवा तिथल्याच एखाद्या फंडात लावतो (या शेवटच्या प्रकारात दोन्हीकडचा खर्च आपल्याच माथी येतो, तेवढं विचारून घ्यावं). अडचण आहे ती मर्यादेची. देशातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात 700 कोटी डॉलर आणि परदेशी ईटीएफमध्ये (शेअर बाजारात शेअरसारखे विकत मिळणाऱ्या फंडांत) आणखी 100 कोटी डॉलर, एवढीच गुंतवणूक करता येते. पहिली मर्यादा भरत आली म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये नवी गुंतवणूक थांबली, जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाली. एप्रिल 2024 पासून परदेशी ईटीएफच्या मर्यादेबाबतही तेच झालं. या मर्यादांचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो आपल्याच शेअर बाजारात विदेशी निर्देशांकाचा ईटीएफ घेणाऱ्याला. नवी युनिटं तयार होत नाहीत, मागणी मात्र वाढते, आणि भाव एनएव्हीच्या, म्हणजे युनिटच्या खऱ्या मूल्याच्या, वर चढतो. 100 रुपयांच्या युनिटला 115 मोजले आणि उद्या मर्यादा वाढून तो फरक मिटला, तर अमेरिकेचा बाजार जागचा न हलताही आपले 13 टक्के बुडाले. खरेदीच्या वेळी फंडाच्या संकेतस्थळावर चालू एनएव्ही दिसते. ती न पाहता ऑर्डर टाकू नये.

यावर कोणी म्हणेल, डॉलर वाढतच जातो, मग भीती कशाची? 2022 मध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक सुमारे 19 टक्के पडला आणि नॅस्डॅक 100 तर 33 टक्के. त्याच वर्षी डॉलर 74 वरून 82 रुपयांच्या पुढे गेला, तरीही एस अँड पीमध्ये रुपयांत दहा टक्क्यांच्या आसपास तोटा झालाच. डॉलरने मार हलका केला, चुकवला नाही. हाच एस अँड पी 2009 अखेर 1999 अखेरच्या पातळीपेक्षाही खाली होता. त्यामुळे बियाण्या-खताचा, पीककर्ज फेडायचा किंवा लग्नासाठी राखलेला पैसा इथे नकोच. दहा-पंधरा वर्षं हात लावावा लागणार नाही तेवढाच लावावा. भारतच वाढतोय, बाहेर कशाला, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, आणि म्हणूनच नऊ हिस्से इथेच ठेवा म्हणतो. पण चिप आणि सर्च इंजिनच्या बड्या कंपन्या आपल्या बाजारात मिळत नाहीत, आणि इथला दुष्काळ त्यांच्या नफ्याला शिवत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला पराग पारीख फ्लेक्सी कॅपसारखा, बहुतांश पैसा भारतात आणि थोडा बाहेर लावणारा फंड मधला पर्याय ठरू शकतो. त्याला देशी इक्विटीचाच कर लागतो. निव्वळ विदेशी फंडात मात्र (शेअर बाजारातले ईटीएफ सोडून) 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा आपल्या उत्पन्नाच्या स्लॅबमध्ये धरला जातो, त्यानंतर 12.5 टक्के. पण मर्यादा भरल्यावर अशा मिश्र फंडातही नवा पैसा देशातच लागतो आणि परदेशी हिस्सा आक्रसत जातो. तेव्हा नाव ऐकून न घेता, दर महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये तो हिस्सा आज किती टक्के उरलाय ते बघावं.